पेन्सिलीच्या टोकाखालचं गाव

ग्रोव्हर्स मिल हे अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातलं एक खेडं. जुनी गिरणी, तिचं तळं आणि भोवताली शेतं, एवढाच तेव्हा त्याचा पसारा. ऑक्टोबर १९३८ मध्ये हॉवर्ड कॉच नावाच्या लेखकाने रस्त्यांचा नकाशा समोर पसरला, डोळे मिटले आणि पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. टोकाखाली हे नाव निघालं. मंगळावरचे आक्रमक पृथ्वीवर पहिल्यांदा कुठे उतरवायचे, हा त्याचा प्रश्न सुटला. गावाला अर्थातच कुणी विचारलं नाही.

माकणीसुद्धा बऱ्याच वाचकांना नकाशावर शोधावी लागेल. धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात, तेरणा नदीच्या काठी ती आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथंच. ग्रोव्हर्स मिलवर रेडिओ-नाटकातलं संकट आलं ३० ऑक्टोबर १९३८ ला. माकणीच्या टापूवर भूकंपाचं खरं संकट आलं ३० सप्टेंबर १९९३ ला. मध्ये पंचावन्न वर्षं, त्यात एक महिना कमी. दोन्ही घटनांबद्दल आपण जे ऐकत आलो, त्याचा सूर मात्र एकच असतो: माणसं भोळी, अफवेवर पळणारी, त्यांना काय कळतंय! मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर मंगळापासून सुरुवात करावी लागेल.

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९७ साली 'पिअर्सन्स' मासिकात क्रमशः छापली गेली आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. मंगळावर कालवे आहेत, ते खोदणारे कुणी बुद्धिमान प्राणी असणार, अशी चर्चा तेव्हा जोरात होती. अमेरिकेतला पर्सिव्हल लॉवेल स्वतःच्या पैशाने वेधशाळा बांधून त्या कालव्यांचे नकाशे काढत होता. वेल्सला मात्र मंगळापेक्षा पृथ्वीवरची गोष्ट सांगायची होती. टास्मानियातल्या मूळ रहिवाशांना युरोपियन वसाहतवाल्यांनी जवळपास नामशेष केलं, हे त्याच्या डोक्यात होतं आणि पहिल्याच प्रकरणात त्याने ते सरळ लिहूनही टाकलं. जे आपण दुसऱ्यांवर केलं ते कुणी आपल्यावर केलं तर, असा त्याचा प्रश्न. जगावर राज्य करणाऱ्या लंडनला त्याने रस्त्यावरून पळायला लावलं.

कादंबरीचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. तोफांना न जुमानणारे मंगळवासी अखेर पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात. इंग्लंडचे वाचक मासिकातून हे वाचत होते त्याच वर्षी आपल्याकडे जंतू वेगळ्याच बाजूने लढत होते. मुंबई-पुण्यात प्लेग होता. जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्यात गोरे शिपाई रोगी शोधायला घराघरात, पार देवघरापर्यंत शिरत होते आणि २२ जूनच्या रात्री चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. परक्याचा बूट उंबऱ्याच्या आत पडला की काय वाटतं, हे वेल्सला कल्पनेने रचावं लागलं. पुणेकरांना ते कुणी सांगायची गरज नव्हती.

चाळीस वर्षांनी ही कादंबरी रेडिओच्या हाती पडली. ऑर्सन वेल्स (कादंबरीकाराशी त्याचं काही नातं नाही) तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता. कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिमवर दर रविवारी रात्री आठ वाजता त्याची 'मर्क्युरी थिएटर' ही मंडळी एखाद्या गाजलेल्या पुस्तकाचं नभोनाट्य करायची. जाहिरातदार नाही, श्रोतेही बेताचेच. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर एडगर बर्गन आणि त्याचा बाहुला यांचा तुफान लोकप्रिय कार्यक्रम असे. रेडिओवर शब्दभ्रमकार! ओठ हलतात की नाही हे बघायची सोय नसताना अर्धी अमेरिका त्याला डोक्यावर घेऊन नाचत होती. त्याच्यापुढे वेल्सच्या अभिजात साहित्याचं काय चालणार?

कॉचने लिहून दिलेली पहिली संहिता तालमीत सगळ्यांनाच रटाळ वाटली. तेव्हा ठरलं की गोष्ट सांगायची ती बातम्यांच्या रूपात. नाचाचं संगीत चालू आहे, मध्येच ते थांबवून निवेदक बातमी देतो, पुन्हा संगीत. ही युक्ती हवेतून आलेली नव्हती. महिनाभरापूर्वीच, सप्टेंबरात, हिटलर आणि चेकोस्लोव्हाकिया प्रकरणाने जग युद्धाच्या काठावर आलं होतं. म्युनिकचा करार होईपर्यंत अमेरिकन श्रोत्यांनी दिवसचे दिवस रेडिओला कान लावून काढले. गाणं तोडून बातमी येते, ती महत्त्वाची असते आणि बहुधा वाईट असते, ही सवय रेडिओनेच त्यांना लावली होती. वेल्सने तीच सवय वापरली.

फ्रँक रीडिक हा नट नाटकातल्या बातमीदाराचं काम करत होता. त्याने तयारीसाठी हिंडेनबर्ग या जर्मन हवाई जहाजाच्या अपघाताचं ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा ऐकलं. ६ मे १९३७ ला न्यू जर्सीतच, लेकहर्स्टला, ते जहाज उतरताना पेटलं होतं आणि तिथं हजर असलेल्या हर्बर्ट मॉरिसन या निवेदकाचा आवाज बोलता बोलता फुटला होता. रीडिकने तो फुटलेला आवाज उचलला. मूळ संहितेत खऱ्या हॉटेलांची, खऱ्या लष्करी दलांची नावं होती. वाहिनीच्या वकिलांनी ती बदलायला लावली. राष्ट्राध्यक्षांचं पात्र नको म्हणाले, म्हणून अंतर्गत खात्याचा मंत्री आणला. मात्र त्या मंत्र्याचं काम करणाऱ्या केनी डेलमारने आवाज काढला तो हुबेहूब रूझवेल्ट यांचा. कागदावर मंत्री, कानाला राष्ट्राध्यक्ष. वकिलांना कागद दाखवता येतो, आवाज नाही दाखवता येत.

त्या रविवारी आठ वाजता कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हे नाटक आहे, कुणाच्या कादंबरीवर आहे, सगळं रीतसर सांगितलं गेलं. मग हवामानाचा अंदाज, मग हॉटेलातला वाद्यवृंद. मंगळावर स्फोट दिसल्याची बातमी. पुन्हा संगीत. प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाची मुलाखत. हा प्राध्यापक खुद्द ऑर्सन वेल्स. मग ग्रोव्हर्स मिलच्या शेतात काहीतरी पडल्याची बातमी आणि तिथं पोहोचलेला बातमीदार. धातूच्या नळकांड्याचं झाकण फिरल्याचा आवाज येतो. आत काहीतरी हलतं. गर्दी ओरडते, आगीचा लोळ येतो आणि बातमीदाराचं वाक्य अर्ध्यात तुटतं.

त्यानंतर काही सेकंद शांतता. वेल्सने हातानेच खूण करून सगळ्यांना गप्प ठेवलं होतं. रेडिओवाल्यांना रिकाम्या शांततेची जेवढी धास्ती असते तेवढी कशाचीच नसते. बाकी कुणीही असता तर त्याने ती जागा भरून टाकली असती. माझ्या मते सबंध नाटकातला सगळ्यांत थोर संवाद म्हणजे ती शांतता. त्यानंतर पियानोवर एक शांत धून वाजते, जणू वाहिनीवाल्यांनाही पुढे काय झालं ते कळलेलं नाही.

पुढची घाई मात्र आज ऐकताना हसू आणते. पाचदहा मिनिटांत सात हजारांचं सैन्य गोळा होतं, तेवढ्याच वेळात खलास होतं, विमानं पडतात, न्यूयॉर्कवर विषारी धूर येतो, आणि चाळीस मिनिटं व्हायच्या आत अमेरिका संपते. घड्याळाकडे बघणारा कुणीही म्हणाला असता की एवढ्या वेळात तर मंत्र्याची गाडीसुद्धा निघत नाही. त्यानंतर मध्यंतर झालं, हे नाटक आहे असं पुन्हा सांगितलं गेलं, आणि उरलेला भाग साध्या नाटकासारखा पार पडला. शेवटी वेल्सने स्वतःच्या आवाजात सांगितलं की हा सणाच्या आदल्या रात्रीचा खेळ होता. दुसऱ्या दिवशी हॅलोवीन होता.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी जे छापलं ते आजपर्यंत चालत आलं आहे. लाखो लोक रस्त्यावर, देवळं भरलेली, गावंच्या गावं पळाली. यातलं थोडं खरं आहे. पोलिस ठाण्यांचे, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांचे फोन वाजत राहिले. काही कुटुंबं खरोखर गाड्या काढून निघाली. वॉशिंग्टन राज्यात काँक्रीट नावाच्या गावी नाटक ऐन रंगात असताना योगायोगाने वीज गेली, आणि तिथल्या लोकांना मंगळवासी आल्याचा पुरावाच मिळाला. पण त्या रात्री घरोघर फोन करून जी श्रोतेगणना झाली होती, तिच्यात शंभरातले दोनच जण हे नाटक ऐकत होते. बाकीचे बाहुल्याकडे, नाहीतर आणखी कुठे. भीतीने कुणी मेल्याचं एकही प्रकरण सिद्ध झालं नाही.

मग एवढा गाजावाजा का? वर्तमानपत्रांना रेडिओचा राग होता. जाहिराती तिकडे चालल्या होत्या, ताज्या बातम्याही तिकडेच आधी कळायला लागल्या होत्या. रेडिओवर विश्वास ठेवाल तर असे फसाल, हे सांगायची यापेक्षा चांगली संधी कुठली? पुढे प्रिन्स्टनच्या हॅडली कँट्रिल यांनी १९४० साली या घटनेवर पुस्तक काढलं. सुमारे साठ लाख लोकांनी नाटक ऐकलं आणि त्यातले बारा लाख घाबरले, असा त्यांचा अंदाज. हे आकडे फुगलेले आहेत असं नंतरच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. वेल्सकडे आलेली श्रोत्यांची पत्रं अलीकडे तपासली गेली तेव्हा त्यातली बहुतेक कौतुकाची निघाली.

कँट्रिल यांच्याच पुस्तकात एक गोष्ट आहे जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. घाबरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मंगळवासी आलेत असं वाटलंच नव्हतं. नाटक मध्येच कुठूनतरी लावलेल्या या मंडळींना वाटलं की जर्मनांनी हल्ला केला. हा काही वेडेपणा नव्हता. महिनाभर ज्या आवाजाने त्यांना जर्मनांबद्दल सावध केलं, त्याच आवाजाने आता न्यू जर्सी पडल्याचं सांगितलं. ऐकून न हलणारा माणूस शहाणा म्हणायचा की बहिरा?

त्याच आठवड्यात मराठवाड्यात वेगळंच नाट्य चाललं होतं. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सत्याग्रह सुरू झाला. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. तेरणाकाठच्या खेड्यांना या बातम्या कळत त्या बाजाराच्या दिवशी, सोलापूरकडून येणाऱ्या माणसांकडून. परका हल्लेखोर इथं आकाशातून यायचा नव्हता. खरी बातमी आत येऊ न देणारं सरकारच डोक्यावर बसलं होतं. दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामाने शरण जात असल्याचं सांगितलं तेसुद्धा रेडिओवरूनच.

ऑर्सन वेल्सचा खेळ निभावला. सरकारी चौकशी झाली, शिक्षा झाली नाही. तोवर न मिळालेला जाहिरातदार चालून आला, आणि पुढे हॉलिवूड. दोन्ही वेल्स १९४० साली टेक्सासमध्ये एका रेडिओ केंद्रावर भेटले आणि मजेत गप्पा मारून गेले. ऑर्सनच्या नाटकाची नक्कल करणाऱ्यांचं मात्र सगळीकडे निभावलं नाही.

१२ फेब्रुवारी १९४९. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाची राजधानी क्विटो. शनिवारची रात्र. 'रेडिओ क्विटो' हे केंद्र 'एल कोमेर्सियो' या देशातल्या मोठ्या वर्तमानपत्राच्या इमारतीत होतं आणि मालकीही त्याचीच. लिओनार्दो पाएस यांनी मंगळाच्या स्वारीचं नाटक स्पॅनिशमध्ये बसवलं आणि सगळी नावं तिथलीच घातली. लाताकुंगा शहर पडलं, विमानतळ पडला, शत्रू क्विटोकडे निघाला. मंत्र्याच्या, महापौराच्या आवाजाची नक्कल करणारे नट घेतले होते. घंटा वाजत होत्या, पाद्री प्रार्थना म्हणत होता.

वेल्सने जे केलं नव्हतं ते इथं केलं गेलं: हे नाटक आहे ही गोष्ट गुप्त ठेवली. लोक रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर आले. गर्दीचा आवाज केंद्रापर्यंत पोहोचला तेव्हा घाबरून खुलासा केला गेला. भीती एका क्षणात संतापात बदलली. जमावाने इमारतीवर दगड टाकले, मग पेटते बोळे. आत छापखान्याचा कागद आणि शाई. पोलिस आणि लष्कर वेळेवर आलं नाही, कारण त्यातले बरेच जण शहराबाहेर, नाटकातल्या शत्रूला तोंड द्यायला रवाना झाले होते. आगीत किमान सहा माणसं मेली. काही ठिकाणी याहून मोठे आकडे दिले जातात. मंगळाच्या स्वारीतले हे खरे बळी, आणि त्यांना मारलं ते एका लपवलेल्या वाक्याने. 'हे नाटक आहे' एवढंच वाक्य.

पुढची गोष्ट या हकिकतीत सहसा सांगितली जात नाही. नाटकात लाताकुंगा बेचिराख झालं त्याला सहा महिनेही होत नाहीत तोच, ५ ऑगस्ट १९४९ ला, त्याच डोंगरपट्ट्यात, लाताकुंगाच्या दक्षिणेला असलेल्या आंबातो शहराजवळ भूकंप झाला. पेलिलेओ नावाचं गाव पुसलं गेलं. पाच हजारांवर माणसं गेली. या वेळी रेडिओने आधी काहीच सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं कुणालाच माहीत नव्हतं.

आपल्या आकाशवाणीने असा खेळ कधी केला नाही. नभोनाट्य म्हणजे नभोनाट्य आणि बातम्या म्हणजे बातम्या. मध्ये निवेदिकेचा शांत आवाज कुंपणासारखा. 'पुन्हा प्रपंच'मधल्या मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी घराघरात आपल्या माणसांसारखे झाले, पण सात पाचच्या पुण्याच्या बातम्यांचा आवाज त्यांनी कधी उसना घेतला नाही. मराठी विज्ञानकथेचा पिंडही वेगळा. जयंत नारळीकरांच्या 'प्रेषित' मध्ये परग्रहाशी संबंध येतो तो स्वारीतून नाही. 'वामन परत न आला' मध्ये तर धोका आकाशातून येतच नाही. जमिनीत खोल पुरलेलं एक गुपित माणसं उकरून काढतात आणि मग निस्तरत बसतात. हे पुस्तक १९८६ चं. मराठवाड्याच्या संदर्भात मला ते पुन्हापुन्हा आठवतं.

आकाशाची भीती आपल्याकडे आली ती १९७९ च्या जुलैत, आणि खऱ्या बातमीतून. अमेरिकेची स्कायलॅब ही सुमारे ७७ टनांची अंतराळप्रयोगशाळा खाली येत होती आणि ती नेमकी कुठे पडणार हे तिच्या मालकांनाही सांगता येईना. खेड्याखेड्यांत लोकांनी कोंबड्या कापल्या, साठवलेले पैसे उडवले, असे किस्से अजून रंगवून सांगतात. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. एस्परन्सच्या स्थानिक संस्थेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. आपण त्या कोंबड्या कापणाऱ्यांना हसतो. पण 'कुठे पडेल माहीत नाही' असं खुद्द शास्त्रज्ञ सांगत असताना कोंबडी पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवणं हा कुठला हिशेब?

आपल्या रेडिओचा दोष उलट्या बाजूचा होता. खोटं सांगून त्याने घाबरवलं नाही. खरं सांगायला उशीर केला. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या गेल्याचं बीबीसीवरून दिवसा कळलं, आकाशवाणीने सांगितलं ते संध्याकाळी सहाला. मधल्या तासांत अफवांनी काय काय केलं असेल ते दिल्लीला विचारावं.

आता तेरणेकाठी. ऑगस्ट १९९२ पासून माकणीजवळच्या किल्लारी गावाच्या परिसरात जमीन गुरगुरू लागली. ऑक्टोबरात धक्के वाढले. १८ ऑक्टोबरचा सगळ्यांत मोठा. भांडी हलत, भिंतींना तडे जात, पोटातून यावा तसा आवाज जमिनीतून येई. लोक अंगणात, शेतात झोपू लागले. पाहणी झाली, उपकरणं लागली, धीर दिला गेला. मग धक्के ओसरले आणि माणसं पुन्हा माळवदाखाली गेली. कुणी किती दिवस बाहेर झोपणार? थंडी येते, पाऊस येतो, पेरणी येते.

धीर देणाऱ्यांनाही मी खोटारडे म्हणणार नाही. त्यांच्या हातात नकाशा होता. भारताच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या तेव्हाच्या अधिकृत नकाशात हा भाग पहिल्या क्षेत्रात, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार, काळ्या पाषाणाचं, कोट्यवधी वर्षांचं. ते हलत नाही, असं पुस्तकांत लिहिलेलं. घाबरलेल्या गावकऱ्याच्या कानापुढे छापील नकाशा उभा राहिला आणि नकाशा जिंकला.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. गणेश विसर्जनाची रात्र. माणसं उशिरा येऊन गाढ झोपलेली. मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार राज्यभरातल्या मिरवणुका पार पडल्याची खात्री करून झोपायच्या बेतात होते. खिडक्या वाजल्या तेव्हा त्यांनी पहिली चौकशी केली ती कोयनेकडे. स्वाभाविकच होतं, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापासून महाराष्ट्रात जमीन हलली की कोयना, हे ठरलेलं. केंद्र किल्लारी आहे, असं उत्तर तिकडून आलं.

भूकंप मोठा होता, पण अवाढव्य नव्हता, ६.२ ते ६.४ च्या घरातला. मारलं ते घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट जाड भिंती आणि वर दरवर्षी थर चढवून जड केलेलं मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरं क्षणात ढिगारे झाली. कुडाच्या झोपडीत राहणारे, ज्यांना दगडी घर परवडत नव्हतं, ते त्या मानाने वाचले. माकणीच्या आसपासची सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी. तिकडे लातूर जिल्ह्यात किल्लारी, मंगरूळ, तळणी. ५२ गावं पार उद्ध्वस्त झाली आणि नव्या जागी वसवावी लागली. सरकारी नोंदीतला मृतांचा आकडा ७,९२८. याहून जास्त सांगणारेही आहेत.

त्यानंतर बोट गेलं ते माकणीकडे. धरणात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पाणी साठू लागलं, आणि किल्लारी इथून दहा-पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. कोयनेचा अनुभव ताजा नसला तरी विसरलेला नव्हता. तिथल्या भूकंपाचा धरणाच्या पाण्याशी संबंध आहे हे जगभर मान्य झालेलं. त्यामुळे माकणीच्या पाण्यानेच हे घडवलं, असं पारावर बोललं जाऊ लागलं आणि त्याला अडाण्यांची अफवा म्हणायचीही पद्धत पडली. प्रत्यक्षात ही शक्यता परदेशातल्या आणि इथल्या काही भूशास्त्रज्ञांनी गांभीर्याने तपासली. इतरांनी तलाव उथळ असल्याचं सांगून ती नाकारली. वाद पूर्ण मिटलेला नाही. पारावरचा शेतकरी आणि शोधनिबंध लिहिणारा प्राध्यापक एकच प्रश्न विचारत होते, एवढं तरी मान्य करायला हवं.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधण घेतलं. वरचा काळा पाषाण ३३८ मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक. काळ्या पाषाणाच्या जाड थराखाली भेग झाकली गेलेली. वरून बघणाऱ्याला तिचा मागमूस लागू नये अशी. या भागाचं गुपित कुणी माणसाने लपवलेलं नव्हतं.

आजही धाराशिव-लातूर भागात जमिनीतून किंवा आकाशातून मोठा आवाज झाला की 'गूढ आवाजाने नागरिक भयभीत' अशी बातमी येते. कधी तो सौम्य धक्का असतो, कधी वरून गेलेलं लढाऊ विमान. लोक घराबाहेर धावतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांची चेष्टा करतं. चेष्टा करणाऱ्याने १९९२ चा ऑक्टोबर आठवावा. बाहेर झोपलेली माणसं बरोबर होती, आत पाठवणारा नकाशा चूक होता.

तो नकाशा २००२ साली बदलला. पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा टापू तिसऱ्या क्षेत्रात गेला.

माकणी-सास्तूर पट्ट्यात घर बांधणाऱ्या किंवा जुनं माळवद अजून वापरणाऱ्या वाचकांना एक विनंती. गवंड्याला दोन गोष्टी विचारा: दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे थर बांधून ठेवणारे आरपार दगड घातले आहेत का, आणि दारं-खिडक्यांच्या वरून घराला चारी बाजूंनी वेढणारा सिमेंट-लोखंडाचा सलग पट्टा आहे का? माळवदावर चढलेली जादा माती उतरवून टाका. आणि जमीन गुरगुरली तर लाज न बाळगता बाहेर या.